आधी जमा-नावे, मग वर्ग: क्वांटम मेकॅनिक्सची घरगुती शिकवणी

मी हिशेबाची माणूस. बी.कॉम. करून तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासल्या. बारावीच्या फिजिक्सशी संबंध आला तो मुलाच्या पुस्तकाला कव्हर घालण्यापुरता. तरी क्वांटम मेकॅनिक्स (अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाश यांच्या जगाचे नियम) शिकायचं डोक्यात बसलं आणि पहिलं दीड वर्ष वाया गेलं. आळस नव्हता, क्रम चुकला होता. मी सुरुवात केली डब्यातल्या त्या, उघडून पाहीपर्यंत जिवंत आणि मेलेल्याही मांजरापासून. व्हिडिओ पाहायचे, 'अबब' म्हणायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी कुणी एक साधं गणित घातलं असतं तर हात वर केले असते. श्रोडिंगरने (क्वांटमचं मूळ समीकरण याचंच) ते मांजर १९३५ साली मांडलं तेच मुळी टीका म्हणून, 'असं म्हणाल तर पाहा कुठे जाऊन पोचाल' अशा थाटात. म्हणजे मी वादातला शेवटचा टोमणा आधी ऐकला आणि वाद कशाबद्दल होता तेच मला ठाऊक नव्हतं.

मग क्रम उलटा केला. आधी हाताने करून पाहायचं, मग आकडेमोड, आणि अर्थ काय याची चर्चा सगळ्यात शेवटी. दिवसाला पाऊण तास धरला तर पाच-सहा महिन्यांत पाया तयार होतो. दहावीची त्रिकोणमिती आठवत असली पाहिजे. आठवत नसेल तर पहिले दोन आठवडे तिलाच द्या, त्यात कमीपणा नाही.

सामान

एलसीडी स्क्रीनचा लॅपटॉप, 'पोलराइज्ड' लिहिलेले दोन गॉगल (किंवा पोलरायझरच्या दोन-तीन शीट, ऑनलाइन मिळतात), लाल लेझर पॉइंटर, मल्टिमीटर, लाल, हिरवा, निळा असे एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, एक किलोओहमचा पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं तीन पायांचं बटण), नऊ व्होल्टची बॅटरी, लहान मुलांच्या खोलीत छताला लावतात तो 'रेडियम'चा स्टिकर. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं चिल्लर भावात मिळतं. शिवाय साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर आणि दोनशे पानी वही. वही हवीच, नुसतं वाचून हा विषय अंगी लागत नाही.

पहिला आठवडा: गॉगल

लॅपटॉपवर पांढरं पान उघडा. एका गॉगलमधून बघत तो हळूहळू फिरवा. एका कोनाला स्क्रीन काळा पडेल. गॉगल तिथेच धरा. आता दुसरा गॉगल स्क्रीन आणि पहिला गॉगल यांच्या मध्ये घाला, तोही ४५ अंश तिरका करून. काळ्या जागेतून उजेड परत येतो.

इथे थांबा. माझ्या मते सगळ्या विषयात यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा खोल प्रयोग नाही. गॉगलची काच म्हणजे चाळणी, असं आपण धरून चालतो: उभा प्रकाश (म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणारा) जातो, आडवा अडतो. पण चाळणीवर आणखी एक चाळणी ठेवली म्हणून खाली जास्त पीठ पडत नाही. इथे पडलं. म्हणजे काच नुसती निवड करत नाही, जो प्रकाश पुढे जातो त्याला ती आपल्या दिशेचा करून सोडते.

आता आकडे. प्रकाशाच्या कंपनाची दिशा आणि काचेची दिशा यांत जो कोन असेल त्याचा कोसाइन काढा, त्याचा वर्ग करा. तेवढा हिस्सा पार जातो. ९० अंशाला शून्य. ४५ अंशाला ०.७०७, वर्ग ०.५, म्हणजे निम्मा. मध्ये तिरकी काच असताना दोनदा ४५ अंशांचं वळण होतं, निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव हिस्सा येतो. मध्ये दोन काचा ३०-३० अंशांच्या टप्प्याने घातल्या तर ०.७५ तीन वेळा गुणून सुमारे ४२ टक्के. दहा-दहा अंशांचे नऊ टप्पे केले तर ७६ टक्के! खऱ्या काचा थोडा प्रकाश खातात, त्यामुळे डोळ्याला इतका दिसणार नाही. वहीत मात्र करून पाहा. अडथळे वाढवत जावं तसा उजेड वाढतो, ही गोष्ट मला नवऱ्याला पटवायला एक अख्खी संध्याकाळ लागली.

कोसाइनच्या वर्गाचा हा नियम मालुसचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात क्वांटम असं काही नाही. ते येतं पुढच्या पायरीला.

दुसरा टप्पा: प्रकाश सुट्टा असतो

रेडियमचा स्टिकर (यात रेडियम नसतं, नाव तेवढं चिकटलंय) डब्यात घालून रात्रभर अंधारात ठेवा. पूर्ण विझला की त्यावर लाल लेझर धरा. मिनिटभर, पाच मिनिटं, हवं तितका वेळ. काही होत नाही. मग निळा एलईडी सेकंदभर टेकवा. तेवढी जागा चमकायला लागते.

प्रकाश जर पाण्याच्या धारेसारखा सलग असता तर लाल धार जास्त वेळ सोडून काम भागलं असतं. पण प्रकाश नाण्यांसारखा सुट्टा येतो. लाल नाणं कमी किमतीचं, निळं जास्त किमतीचं, आणि स्टिकरमधल्या यंत्राला एका वेळी एकच नाणं चालतं. कमी किमतीची हजार नाणी टाकली तरी ते हलत नाही. आइनस्टाइनने १९०५ साली हाच तर्क धातूतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांबद्दल केला, आणि १९२१चं नोबेल त्याला सापेक्षतेसाठी नव्हे तर या कामासाठी मिळालं. या नाण्याचं नाव फोटॉन.

किंमत काढायचं सूत्र पाठच करा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (एका व्होल्टने एका इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा) येतं. लाल ६५० नॅनोमीटर, म्हणजे सुमारे १.९. निळा ४६५, म्हणजे २.७ च्या जरा खाली. आता बॅटरी पॉटच्या दोन टोकांना लावा, मधल्या पायातून रेझिस्टरमार्गे एलईडीला वीज द्या आणि मल्टिमीटर एलईडीवर ठेवा. अंधारात पॉट हळू फिरवत एलईडी नुकता पेटतो तो व्होल्टेज लिहून घ्या. लाल सगळ्यात आधी पेटतो, मग हिरवा, मग निळा, आणि आकडे त्या १२४० च्या भागाकाराच्या आसपास येतात. दहा-पंधरा टक्के कमी आले तर घाबरू नका. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांना थोडी फुकटची मदत मिळते आणि 'नुकता पेटला' हे डोळ्यागणिक बदलतं. दोन चुका मात्र टाळा: एलईडी थेट नऊ व्होल्टला लावू नका, आणि पांढरा एलईडी घेऊ नका, तो आतून निळाच असतो, वर पिवळसर लेप.

त्या १२४० च्या पोटात प्लांकचा स्थिरांक दडलेला आहे. दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग ६६२६, इतका तो लहान (जूल-सेकंद या एककात). प्लांकने तो १९०० साली मांडला, आणि २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच त्याच्यावर बेतलेली आहे. तो इतका लहान म्हणूनच आपल्याला नाणी दिसत नाहीत, धार दिसते. एक मिलिवॅटचा लाल लेझर सेकंदाला किती फोटॉन सोडतो? सुमारे ३३ कोटी गुणिले एक कोटी. तेहतीस कोटी देवांना प्रत्येकी एक कोटी, दर सेकंदाला.

आता गॉगलकडे परत या. ४५ अंशाला निम्मा प्रकाश पार जातो. पण फोटॉन एकटा आला तर? अर्धा फोटॉन जात नाही. तो अख्खा जातो किंवा अख्खा अडतो, आणि कुठला जाईल हे आधी सांगता येत नाही. शंभरांतले साधारण पन्नास जातात एवढंच सांगता येतं. जुन्या नियमातला 'हिस्सा' आता 'शक्यता' झाला. मॅक्स बॉर्नने १९२६ साली ही गोष्ट सर्वसाधारण नियम म्हणून मांडली. वहीत मोठ्या अक्षरांत लिहा: शक्यता म्हणजे कशाचा तरी वर्ग.

तिसरा टप्पा: त्या 'कशाचा तरी'ची खतावणी

त्या 'कशाचा तरी'ला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. इथे माझा धंदा कामी आला. शक्यता कधी उणे नसते. पाऊस पडायची शक्यता उणे वीस टक्के, असं कुणी म्हणत नाही. पण ॲम्प्लिट्यूड उणे असू शकतो. म्हणजेच शक्यतेच्या वहीत फक्त जमेची बाजू आहे, ॲम्प्लिट्यूडच्या वहीत जमा आणि नावे दोन्ही आहेत. निसर्ग हिशेब दुसऱ्या वहीत ठेवतो. आधी जमा-नावे उरकतो, शिल्लक काढतो आणि मग तिचा वर्ग करतो. आपला रोजचा अनुभव उलटा: प्रत्येक रस्त्याची शक्यता आधी काढायची आणि बेरीज नंतर. सगळा फरक या क्रमात आहे.

हे एका गणितात पाहा. अर्धा प्रकाश पार सोडणारा आणि अर्धा परतवणारा आरसा घ्या. फोटॉन त्यावर आला की दोन रस्ते फुटतात. पुढे साध्या आरशांनी ते रस्ते पुन्हा तशाच दुसऱ्या अर्ध्या आरशावर आणले; तिथून दोन बाहेर पडायच्या वाटा, 'अ' आणि 'ब', दोन्हींकडे मोजणी यंत्रं. प्रत्येक अर्ध्या आरशावर ॲम्प्लिट्यूड ०.७०७ ने गुणायचा, म्हणजे दोन आरशांनंतर ०.५. मांडणी अशी जुळवता येते की 'अ'कडे दोन्ही रस्ते जमेला येतात आणि 'ब'कडे एक जमेला, दुसरा नावे.

'अ': ०.५ अधिक ०.५ बरोबर १, वर्ग १. 'ब': ०.५ उणे ०.५ बरोबर शून्य. सगळे फोटॉन 'अ'कडे, 'ब' कोरडा.

आता एका रस्त्यात हात घाला. निम्मे फोटॉन हातावर संपले. उरलेल्या एका रस्त्याचा ॲम्प्लिट्यूड दोन्हीकडे ०.५, वर्ग ०.२५. म्हणजे जिथे एकही फोटॉन येत नव्हता त्या 'ब'वर आता चारांतला एक येतो, आणि तो केव्हा? तर रस्ता बंद केल्यावर. नावेची नोंद खोडली की शिल्लक वाढते, हे कुठल्याही कारकुनाला कळेल. फोटॉन एकेक करून सोडले तरी आकडे हेच. हे गणित न बघता तीनदा सोडवता येईपर्यंत पुढे जाऊ नका. मी सात वेळा केलं.

खरा ॲम्प्लिट्यूड नुसता जमा किंवा नावे नसतो. तो घड्याळाच्या काट्यासारखा कुठल्याही दिशेला असू शकतो. काट्याची लांबी म्हणजे आकार, आणि शक्यता काढताना या लांबीचा वर्ग घ्यायचा. दोन काट्यांची बेरीज करायची तर एकाच्या टोकावर दुसऱ्याची शेपूट ठेवायची. उलट्या दिशेचे सारखे काटे एकमेकांना संपवतात, काटकोनातले अर्धवट जुळतात. अकरावीतल्या संमिश्र संख्या म्हणजे या काट्यांचंच बीजगणित. उणे एकचं वर्गमूळ म्हणजे काटा ९० अंश फिरवणं. दोनदा फिरवला की उलटा, म्हणजे उणे एक. शाळेत त्याला 'काल्पनिक' म्हणून आपल्याला उगाच घाबरवलं. या जागी तीन आठवडे घाला: संमिश्र संख्यांची बेरीज-गुणाकार, मग दोन बाय दोनचे मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते). वरचा अर्धा आरसा हाही दोन बाय दोनचा मॅट्रिक्सच आहे. तेवढ्या गणितावर पुढचं बरंच चालतं.

केस आणि इलेक्ट्रॉन

डोक्याचा एक केस लेझरच्या तोंडावर आडवा चिकटवा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. (लेझरकडे थेट कधीच पाहू नका, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.) एका ठिपक्याऐवजी उजेड-अंधाराची रांग दिसेल. केसाच्या एका बाजूने येणारा काटा आणि दुसऱ्या बाजूने येणारा काटा यांचं हे जमा-नावे. तरंगलांबीला भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणून केसाच्या जाडीने भागलं की एकाच बाजूच्या दोन लगतच्या अंधाऱ्या पट्ट्यांमधलं अंतर मिळतं, ०.०७ मिलिमीटरचा केस असेल तर जवळपास १.९ सेंटिमीटर. उलट हिशेबाने घरातल्या प्रत्येकाच्या केसाची जाडी काढता येते. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं.

हेच इलेक्ट्रॉनच्या बाबतीत होतं. १९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून पडद्यावरचे ठिपके साठवले. आधी रांगोळीचे कण सांडावेत तसे कुठेही पडलेले ठिपके, आणि हजारो जमले की स्वच्छ पट्टे. त्याची चित्रफीत सहज सापडते, जरूर पाहा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या मोफत संकेतस्थळावरही अशा प्रतिकृती आहेत. व्याख्यानं हवी असतील तर आपल्या आयआयटींचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम फुकट आहेत. मात्र वरचे तीन टप्पे झाल्याशिवाय ती लावू नका, दुसऱ्याच तासाला फळा तुमच्या पुढे निघून जातो.

मोजणं

केसाच्या कुठल्या बाजूने फोटॉन गेला याची नोंद कुठेतरी राहिली, की पट्टे नाहीसे होतात. 'निरीक्षक' हा शब्द इथे फार घोळ घालतो. नोंद ठेवायला माणूस लागत नाही, जाणीव लागत नाही. हवेतला एखादा रेणूसुद्धा पुरतो. म्हणून 'तुमच्या विचारांनी वास्तव बदलतं' असं क्वांटमच्या नावाने सांगणाऱ्याला एकच विचारा: आकडा किती? श्रोडिंगर उपनिषदं वाचत असे हे खरं, पण त्याच्या समीकरणाला त्यांचा आधार लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एवढं म्हटलं तर मला दोन दिवस कुणी बोललं नाही.

अनिश्चिततेचं तत्त्व हे मापनयंत्राच्या धसमुसळेपणाबद्दल आहे असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते विसरा. तंबोऱ्याचा सूर ओळखायला तार थोडा वेळ वाजावी लागते. टाळी एका क्षणात संपते, पण टाळीला सूर कुठला? काळात नेमकी असलेली गोष्ट सुरात नेमकी असूच शकत नाही. स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांचं नातं असंच आहे: एक जितकं नेमकं, तितकं दुसरं अनिश्चित. इलेक्ट्रॉनला अणूएवढ्या जागेत, म्हणजे साधारण एका मीटरच्या हजार कोटीव्या भागात कोंडला, तर त्याच्या वेगात सेकंदाला निदान ५८० किलोमीटरची अनिश्चितता येते. क्रिकेटच्या चेंडूला हाच नियम लावला तर येणारा आकडा इतका क्षुल्लक, की तिसऱ्या पंचाला त्याची काळजी नको.

डबा, तार आणि हायड्रोजन

श्रोडिंगरचं समीकरण आता बघा, आधी नव्हे. त्यातलं एकच उदाहरण पूर्ण करा: डब्यात अडकलेला इलेक्ट्रॉन. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेत अर्धी लाट बसते, एक बसते, दीड बसते; पाऊण बसत नाही. म्हणून ऊर्जेच्या पायऱ्या होतात. एक नॅनोमीटरच्या डब्यात पहिली पायरी ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, दुसरी तिच्या चौपट, तिसरी नऊपट. डबा निम्मा केला की सगळ्या पायऱ्या चौपट उंच. क्वांटम डॉट म्हणजे असेच बारीक डबे. पदार्थ एकच, आकार लहान केला की रंग निळ्याकडे सरकतो. २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं आणि काही महागड्या टीव्हींच्या पडद्यात ते वापरतात.

हायड्रोजनमध्ये डबा गोल आणि काठ मऊ, त्यामुळे पायऱ्यांचा नियम वेगळा: १३.६ ला पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचं. तिसरीवरून दुसरीवर उतरताना सुटलेली ऊर्जा म्हणजे १३.६ गुणिले (एक चतुर्थांश उणे एक नवमांश), म्हणजे १.८९. आपल्या १२४० ला त्याने भागा: ६५६ नॅनोमीटर, हायड्रोजनच्या प्रकाशातली प्रसिद्ध लाल रेषा. चौथीवरून दुसरीवर: २.५५, म्हणजे ४८६, निळसर-हिरवी. या रेषांच्या तरंगलांब्यांचं सूत्र १८८५ मध्ये सापडलं ते बाझलमधल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, साठीला आलेल्या योहान बाल्मरला. त्याला कारण ठाऊक नव्हतं. त्याने फक्त आकडे जुळवले. हिशेबाच्या माणसाला याहून मोठा दिलासा काय हवा?

शेवटी जोडी

दोन कणांची गुंतागुंत (एन्टँगलमेंट, म्हणजे दूर असूनही दोघांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असणं) मी मुद्दाम शेवटी ठेवली. पहिला समज असा होतो की चपलेचा जोड दोन डब्यांत घालून दोन गावी पाठवला. इथे डावी निघाली की तिथे उजवी असणारच, त्यात नवल ते काय? जॉन बेलने १९६४ साली दाखवलं की चपलांचा जोड आणि गुंतलेले कण यांतला फरक मोजता येतो. घरी खेळून पाहा. दोघांना दोन खोल्यांत बसवा. प्रत्येकासाठी वेगळं नाणं उडवून छापा किंवा काटा सांगा. त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. दोघांनाही छापा आला असेल तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी हवीत. आधी ठरवून केलेल्या युक्त्या एकूण सोळाच आहेत. सगळ्या वहीत लिहून काढा, चारांत तीनपेक्षा जास्त डाव एकीनेही जिंकता येत नाहीत. चपलांचा जोड बरोबर दिला तरी ७५ टक्केच.

आता चपलेऐवजी दोघांना गुंतलेल्या फोटॉनांतला एकेक द्या, आणि एकेक पोलरायझर. पार गेला तर हो, अडला तर नाही. दोघांची उत्तरं सारखी येण्याची शक्यता म्हणजे दोन काचांमधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग. पहिल्याने काट्याला शून्य अंश धरायचे, छाप्याला ४५. दुसऱ्याने काट्याला साडेबावीस, छाप्याला उणे साडेबावीस. चारही जोड्यांचे कोन काढा. तीन वेळा साडेबावीस येतो, एकदाच, दोघांनाही छापा असताना, साडेसदुसष्ट. जिंकायची शक्यता चारही वेळा ८५ टक्के, आणि तरीही या मार्गाने एका खोलीतून दुसरीत निरोप पाठवता येत नाही. अशा स्वरूपाच्या प्रयोगांसाठी अस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ सालचं नोबेल मिळालं.

साडेबावीसचा कोसाइन ०.९२४, त्याचा वर्ग ०.८५४. पहिल्या आठवड्यात गॉगल फिरवताना ३० आणि ४५ चा वर्ग काढला होता ना, त्याच पानावर याही आकड्याला जागा आहे.